बाईंना विचारा : हॉस्टेलातले क्लोन

या महिन्याच्या टपालात एकाच जातीची पत्रं फार आली. सुट्टीत मुलांनी वाचलेल्या गोष्टींचा मामला साधारण असा : डोंगरावरची निवासी शाळा, नवीन सत्र सुरू होतं, काही नवी मुलं दाखल होतात आणि ती तिथे आधीपासून शिकणाऱ्या मुलांच्या हुबेहूब प्रती, म्हणजे क्लोन, निघतात. मग कुणीतरी गायब होतं, कुणाची तरी डायरी सापडते, तळघराचं दार उघडतं. इंग्रजीत किशोरांसाठी असल्या थरारकथा पुष्कळ निघतात. आता आपल्याकडची पोरंही तशा लिहायला बसली आहेत, असं पत्रांवरून दिसतं. बसू देत.

मी जन्मभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत मुलींची रेक्टर होते. त्यामुळे क्लोन आणि हॉस्टेल, दोन्ही माझ्याच खात्यात येतात. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

बाई, गोष्टीत क्लोन आणि मूळ मुलं एकाच वर्गात असतात. पण क्लोन हा मूळ माणसापेक्षा लहान असायला नको का?
– अकरावी शास्त्र, सांगली

शाब्बास. भलेभले लेखक इथेच घसरतात. क्लोन म्हणजे झेरॉक्स नव्हे, की बटण दाबलं आणि सोळा वर्षांचा मुलगा गरम गरम बाहेर आला. त्यालाही गर्भात नऊ महिने काढावे लागतात, दात यावे लागतात, पाढे पाठ करावे लागतात. डॉली मेंढी घे. एडिंबराजवळच्या रॉस्लिन संस्थेत ५ जुलै १९९६ ला ती जन्मली. जिच्या कासेतल्या पेशीपासून तिला घडवलं ती मेंढी सहा वर्षांची होती. डॉली मात्र जन्मली ती कोकरू म्हणूनच.

मग वर्गात शेजारी शेजारी बसणारे क्लोन कसे आणायचे? एक वाट अशी : मूळ बाळ जन्मल्याबरोबर त्याच्या नाळेतलं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशीचं केंद्रक (जनुकं असतात तो पेशीचा गाभा) काढून दुसऱ्या, केंद्रक काढलेल्या अंडपेशीत बसवायचं. सगळं पहिल्या झटक्यात जमलं, तरी क्लोन वर्षभराने धाकटा. एक नववीत, एक आठवीत. हॉस्टेलच्या गोष्टीला हे फार सोयीचं आहे, कारण आठवीच्या आणि नववीच्या खोल्या वेगळ्या असतात आणि चेहऱ्यातलं साम्य पहिल्यांदा लक्षात येतं ते मेसच्या रांगेत.

दुसरी वाट म्हणजे भ्रूणच दुभागायचं. १९९३ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ मानवी भ्रूणांचे ४८ केले होते. ते वाढू शकणारे भ्रूण नव्हते आणि कुणाच्या गर्भात सोडलेही नाहीत, तरी जगभर गदारोळ झाला. पुढे ऑरेगनमध्ये एका माकडाच्या आठ पेशींच्या भ्रूणाचे चार भाग केले आणि त्यातून टेट्रा नावाचं माकडाचं पिल्लू जन्मलं. २००० साली ते जाहीर झालं. ही खरं तर हाताने केलेली जुळी. पण यात एक गंमत आहे. एक भाग आत्ता गर्भात सोडायचा आणि दुसरा गोठवून ठेवायचा, सात वर्षांनी बाहेर काढायचा. एकाच भ्रूणाच्या दोन मुली, एक बारावीत आणि एक पाचवीत. मला विचारशील तर गोष्ट यात आहे. थोरलीला धाकटीच्या चेहऱ्यात आपला जुना फोटो दिसेल.

टाकीत ठेवून सहा महिन्यांत सोळा वर्षांचा करणं वगैरे जे असतं, ते वहीतून फाडून टाक.

आता मला खटकतं ते सांगते, कारण तू हिशेब करणारा मुलगा दिसतोस. डॉलीच्या वेळी २७७ अंडपेशींवर प्रयोग केला. त्यातून २९ भ्रूण हाती आले. ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडले. जन्मलं एक कोकरू. माकडांचं बघ. शांघायमधल्या शास्त्रज्ञांनी जानेवारी २०१८ मध्ये झाँग झाँग आणि हुआ हुआ ही दोन पिल्लं जाहीर केली. त्यांच्यासाठी गर्भातल्या पिल्लाच्या पेशी वापरल्या होत्या, तेव्हा ७९ भ्रूण, २१ माद्या आणि ही दोन पिल्लं. वाढलेल्या माकडाच्या पेशी घेतल्या तेव्हा १८१ भ्रूण, ४२ माद्या. पिल्लं तेव्हाही दोनच जन्मली आणि दोन्ही लगेच गेली.

तुझ्या गोष्टीत सहा क्लोन आहेत म्हणतोस. यातला चांगल्यातला चांगला आकडा धरला, तरी साठाहून अधिक बायका लागतील ज्यांच्या पोटात भ्रूण सोडले. त्यांतल्या बहुतेकींच्या हाती काही लागलं नसेल, उलट शरीराचे हाल. शिवाय अंडपेशी देणाऱ्या वेगळ्या. त्यांनी पोटात इंजेक्शनं घेतलेली. या सगळ्या बायका कादंबरीत कुठे असतात? वेडा शास्त्रज्ञ असतो, त्याचं समुद्रातलं बेट असतं, हेलिकॉप्टर असतं, त्याच्या मांजराचंसुद्धा नाव असतं. बायका मात्र नसतात. कोण होत्या त्या, कुठल्या गावच्या, पैसे किती मिळाले, नंतर घरी काय सांगितलं? तू मला पाठवलेल्या आराखड्यात तळघराचं वर्णन दीड पान आहे. ते अर्ध्यावर आण आणि उरलेल्या पानात त्यांतली एक बाई आण.

बाई, समजा नीटमध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाचा क्लोन केला, तर तोही पहिला येईल का? आमच्या हॉस्टेलमध्ये यावर पैज लागली आहे.
– बारावी, लातूर

लातूरहून दुसरा प्रश्न येणारच नव्हता!

पैजेत दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळेल. अर्जेंटिनात पोलो फार जोरात खेळतात. तिथला नामांकित खेळाडू अडोल्फो कांबियासो याने आपल्या क्वार्तेतेरा नावाच्या घोडीचे क्लोन करवून घेतले आणि २०१६ च्या अर्जेंटाइन ओपनमध्ये तिच्या सहा क्लोनांवर बसून तो खेळला. त्याचा संघ जिंकला. म्हणजे चपळाई, बांधा, दम हे बऱ्याच प्रमाणात उतरतं. पण त्या सहाही घोड्यांना त्याच जातीचं शिक्षण, तोच खुराक आणि वर तोच स्वार होता, हे विसरू नका.

आता उलट बाजू. टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ मध्ये जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं. मूळ मांजर रेनबो, तिरंगी : पांढरं, काळपट आणि नारिंगी. पिल्लू झालं पांढरं आणि पट्ट्यापट्ट्यांचं करडं. नारिंगीचा ठिपका नाही. जनुकं तीच, पण मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गप्प बसवलेलं असतं. मांजराच्या नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर असतं. ज्या पेशीपासून पिल्लू झालं, तिच्यात नारिंगीवालं एक्स गप्प होतं. (बारावीला आहात, हे लक्षात ठेवा, विचारतात.) जिथे केसांचा रंगसुद्धा हुकतो, तिथे सातशे वीसपैकी सातशे विसावा मार्क कोण हमी देऊन काढणार?

आणि एक गोष्ट पैज लावणाऱ्या सगळ्यांसाठी. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंडपेशीत बसवून त्यातून बेडूक घडवता येतो, हे ज्याने १९६२ मध्ये मांडलं तो जॉन गर्डन. डॉलीच्या आधीची ही पायरी. तो शिकला ईटनला, इंग्लंडातल्या सगळ्यात बड्या निवासी शाळेत. तिथे जीवशास्त्रात २५० मुलांमध्ये त्याचा नंबर शेवटचा. या मुलाने शास्त्रज्ञ व्हायचं म्हणणं म्हणजे निव्वळ हास्यास्पद आहे, असं १९४९ च्या प्रगतिपुस्तकात मास्तरांनी लिहून ठेवलं. त्याने तो कागद चौकटीत घालून केंब्रिजच्या आपल्या टेबलावर लावला. २०१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रगतिपुस्तकांवर मी काय काय शेरे मारले असतील, याचा विचार मी करत नाही.

मी आणि माझी बहीण जुळ्या, अगदी सारख्या. हॉस्टेलमध्ये सगळ्या आम्हाला 'ओरिजिनल' आणि 'डुप्लिकेट' म्हणतात. क्लोन आमच्यासारखेच असतात का?
– दहावी, रत्नागिरी

नाही, तुम्ही दोघी क्लोनपेक्षा जास्त सारख्या आहात. एकाच अंडपेशीतून झालात, एकाच पोटात, एकाच वेळी वाढलात. क्लोनची अंडपेशी दुसऱ्या बाईची, पोट बहुधा तिसऱ्या बाईचं, आणि जमाना वेगळा. डुप्लिकेट म्हणणाऱ्या मुलीला हे सांग. आणि तरीही थांबली नाही, तर रेक्टरांना सांग. ते त्यांचं काम आहे.

मी रहस्यकथा लिहितो आहे. क्लोन मूळ मुलाच्या जागी हॉस्टेलमध्ये राहायला लागतो. मेसमध्ये अंगठा लावून हजेरी आहे. अंगठा जुळतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पुढे त्याला पकडायचं कसं?
– एक तरुण वाचक, नागपूर

पहिल्याच दिवशी पकडला जाईल. वरणभात वाढायच्या आत.

बोटांवरच्या रेषा फक्त जनुकांवर ठरत नाहीत. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या उमटतात. तेव्हा पोटात बाळ कसं वळलेलं आहे, बोटावर दाब कुठून येतो, कातडी किती वेगाने वाढते, यावर त्यांचा नक्षा ठरतो. म्हणून सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. बुबुळांचंही तेच, आणि म्हणूनच जुळ्या भावांची आधार कार्डं सुखाने वेगळी निघतात. चेहरा बघून उघडणारा मोबाइल मात्र जुळ्यांपुढे फसू शकतो, हे तो विकणारेच सांगतात. तेव्हा गोष्ट उलटी फिरवा. चेहऱ्याने मोबाइल उघडतो, मित्र फसतात, हिंदीचे सर फसतात, आणि मेसचं ते खरकट्या हातांनी माखलेलं यंत्र 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहतं. मेसमामा वैतागतात आणि वहीत सही करून घेतात. यंत्र बिघडलंय असं सगळे धरून चालतात. असं हॉस्टेलमध्ये घडतंच. तुमचा क्लोन त्या वहीच्या भरवशावर दोन महिने काढू शकेल.

डीएनए तपासणीचं म्हणाल, तर पोलिसांची नेहमीची तपासणी दोघांत फरक दाखवणार नाही. पण एक खिडकी उघडी राहते. पेशीत केंद्रकाबाहेर मायटोकाँड्रिया असतात. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, माणसात ३७ जनुकांचा, आणि तो अंडपेशीतून येतो. क्लोनची अंडपेशी परक्या बाईची असेल, तर त्याचा मायटोकाँड्रियाचा डीएनए त्या बाईचा असणार. डॉलीचंही तसंच निघालं. केंद्रक पांढऱ्या तोंडाच्या फिन डॉर्सेट मेंढीचं, मायटोकाँड्रिया काळ्या तोंडाच्या स्कॉटिश मेंढीचे. तिला जन्म देणारीही काळ्या तोंडाचीच होती. काळ्या तोंडाच्या मेंढीला पांढऱ्या तोंडाचं कोकरू झालं, तोच पहिला पुरावा. कुठल्या यंत्राची गरज पडली नाही.

तुमच्या कथेत याचा उपयोग असा : रक्त तपासलं, दोघं एकच. मायटोकाँड्रिया तपासले, दोघं वेगळे. आणि त्या वेगळेपणाचा धागा एका अनोळखी बाईच्या आईपर्यंत, आजीपर्यंत जातो. सांगलीच्या मुलाला मी वर ज्या बाईबद्दल लिहिलंय, तीच ही. तपास अधिकाऱ्याला तिच्या दारात नेऊन उभा करा.

कुत्रंही चालेल. २०११ मध्ये चेक प्रजासत्ताकात झालेल्या प्रयोगात पोलिसांच्या शिकवलेल्या अल्सेशियन कुत्र्यांनी एकाच घरात राहून एकच जेवण जेवणाऱ्या सारख्या जुळ्यांचे वास वेगळे ओळखले. वॉचमनच्या गावठी कुत्र्याला शिक्षण नसतं, पण हॉस्टेलचं कुत्रं ज्याच्या हातून पोळी खातं त्याला विसरत नाही. ते एकाच मुलावर भुंकायला लागलं, एवढं पुरे. उगीच कुत्र्याकडून भाषण करवू नका.

असं खरोखर कुठे घडलं आहे का?
– एडिसन, न्यू जर्सी. मुलगा सोळा वर्षांचा, प्रश्न त्याचा, मराठी माझं, असं आईने खाली लिहिलं आहे.

क्लोनचं नाही. माणसाचा क्लोन जन्माला आल्याचा एकही सिद्ध झालेला दाखला नाही. २००२ च्या डिसेंबरात एका पंथाच्या कंपनीने डंका पिटला होता, पण पुरावा आजतागायत दिलेला नाही. तरीही तुम्ही राहता तिथून मोटारीने काही तासांवर जे घडलं, ते मला कुठल्याही क्लोनकथेपेक्षा भयंकर वाटतं.

१९८० साल. न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागात सलिव्हन काउंटी कम्युनिटी कॉलेज. रॉबर्ट शाफ्रन हा एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच तिथे पाऊल ठेवतो. ओळखदेख नसलेली पोरं पाठीवर थाप मारतात, मुली गळ्यात पडतात, आणि सगळे त्याला म्हणतात, "एडी, आलास परत!" एडी गॅलंड हा आदल्या वर्षी तिथे होता, कॉलेज सोडून गेला होता. एडीच्या मित्राने रॉबर्टला विचारलं, तुझा वाढदिवस कधी? १२ जुलै १९६१. तू दत्तक आहेस का? हो. दोघांनी फोन लावला आणि रात्रीच गाडी काढली. दार उघडलं तर समोर आपलाच चेहरा. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. ते पाहून तिसरा हजर झाला, डेव्हिड केलमन. तिळे!

वर्तमानपत्रांना गोष्ट गोड लागली. तिघे टीव्हीवर झळकले, सारखे कपडे घालून एका सुरात उत्तरं देऊ लागले. इथपर्यंत आपला चित्रपटवाला भाऊ-मिलाप. पुढचं मात्र वेगळं आहे. तिघांना दत्तक देणारी संस्था एकच, न्यूयॉर्कची लुईझ वाइझ सर्व्हिसेस. तिघांच्या घरांपैकी एक दुकानदाराचं, एक शिक्षकाचं, एक डॉक्टरचं. हा योगायोग नव्हता. पीटर न्यूबॉअर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने एक अभ्यास चालवला होता. एकाच जनुकांची मुलं वेगवेगळ्या घरांत वाढली तर काय होतं, हे बघायचं होतं. तिन्ही घरी अभ्यासक नियमाने येत, चाचण्या घेत, चित्रण करत, आणि आईवडिलांना सांगत की दत्तक मुलांच्या वाढीची ही साधी पाहणी आहे. मुलाला आणखी दोन भाऊ आहेत हे एकाही घराला सांगितलं नाही. या अभ्यासात अशीच ताटातूट केलेली आणखी जुळी मुलं होती.

तिघांनाही वाढत्या वयात मनाच्या तक्रारी झाल्या. १९९५ मध्ये एडीने स्वतःचं आयुष्य संपवलं. अभ्यासाचे निष्कर्ष धडपणे कधी छापले गेलेच नाहीत. कागदपत्रं येल विद्यापीठात कुलपात आहेत, २०६५ पर्यंत. हयात असलेल्यांना बरीच खटपट केल्यावर काही पानं मिळाली, तीही खाडाखोड केलेली.

हे सविस्तर सांगितलं, कारण तुझ्या प्रश्नाखाली तू आणखी एक ओळ लिहिली होतीस : क्लोनकथेत भीती नेमकी कशाची असते? आपल्यासारखा दुसरा दिसला, याची भीती पाच मिनिटं टिकते. तिघांच्या बाबतीत तर तो आनंदच होता. पहिल्या रात्री ते लहान पोरांसारखे जमिनीवर कुस्ती खेळले. भीती त्या फायलीची आहे. मोठ्या माणसांना माहीत होतं, ती घरी येऊन चहा पिऊन जात होती, आणि बोलली नाहीत. तू लिहिणार असशील तर तळघर आणि काचेच्या नळ्या राहू देत. एक सभ्य, मृदू बोलणारा मनुष्य दर सहा महिन्यांनी मुलाला भेटायला येतो आणि वहीत टिपणं करतो, एवढंच लिही. बघ माझी झोप उडते की नाही.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. असली पुस्तकं वाचून विचारते, "मी नक्की तुमचीच ना?" पुस्तकं बंद करू का?
– एक आई, पुणे

नका करू. या वयात हा प्रश्न पुस्तकाशिवायही पडतो. आमच्या हॉस्टेलमध्ये दिवे गेल्यावर निम्म्या मुली आपण कुणा राजघराण्यातल्या आहोत, असं एकमेकींना सांगत. तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगा. पाऊस होता का, रिक्षा मिळाली का, आत्या काय म्हणाली. आणि जे सांगाल ते खरं सांगा. ते जर तिला वाटतं त्यापेक्षा वेगळं असेल, तर उशीर करू नका. वरचं उत्तर वाचलंत ना?

गोष्टीत श्रीमंत मुलांना अवयव लागतील म्हणून क्लोन पाळलेले असतात. हे शक्य आहे का?
– अकरावी, नाशिक

शास्त्राच्या दृष्टीने अवयव जुळतील. २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी मूत्रपिंडरोपण केलं ते सारख्या जुळ्या भावांमध्येच. भाऊ खरंच सारखे आहेत ना, हे पाहायला आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून बघितला होता. तो टिकला. (नागपूरकर, हीही एक परीक्षा तुमच्या उपयोगाची.) पण एका मूत्रपिंडासाठी एक मूल पंधरा वर्षं वाढवायचं, त्याची फी भरायची, त्याला चष्मा करून द्यायचा, हा व्यवहार कुठला मारवाडी किंवा कोकणस्थ मान्य करेल? २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना भ्रूणपेशींसारखं, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकेल अशा मूलपेशी, करून दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या. गर्डनसोबत नोबेल मिळालं ते यांनाच. आता संशोधनाचा ओढा त्या बाजूला आहे. आपल्याकडे अवयवरोपणाचा १९९४ चा कायदा आहे, आणि माणसाचा क्लोन जन्माला घालायला २०१७ च्या मूलपेशी संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत साफ मनाई आहे. कथा म्हणूनही ही कल्पना आता शिळी झाली. दुसरं कारण शोध. क्लोन कशासाठी केले याचं उत्तर 'एक मूल गेलं, आणि घरच्यांना ते परत हवं होतं' असं असेल, तर मी वाचेन.

आपल्या देशात क्लोनिंग होतं का? आमच्या गोठ्यात मुऱ्हा म्हशी आहेत.
– एक दूधउत्पादक, फलटण

होतं, आणि तुमच्या म्हशींच्याच जातभाईंवर. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आहे. तिथे फेब्रुवारी २००९ मध्ये पहिलं क्लोन रेडकू जन्मलं, ते काही दिवसांत गेलं. जूनमध्ये गरिमा आली, तीही दोन वर्षांत गेली. दुसरी गरिमा २०१० ची. तिला जानेवारी २०१३ मध्ये महिमा नावाची रेडी झाली, नेहमीच्या पद्धतीने. काश्मीरमध्ये २०१२ साली नूरी नावाची पश्मिना शेळी झाली, आणि २०२३ मध्ये कर्नालच्याच शास्त्रज्ञांनी गंगा ही गीर गाय जाहीर केली. तुमच्या गोठ्यापर्यंत हे यायला वेळ आहे. आलंच तर ते उत्तम वळूच्या रेतनाच्या रूपाने येईल.

लिहिणाऱ्या मुलांसाठी इथे एक टीप : कर्नालवाल्यांची पद्धत हातकौशल्याची आहे. महागडं यंत्र न वापरता सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने अंडपेशीचं केंद्रक कापून काढतात. म्हणजे तुमच्या खलनायकाला बेट नको, हेलिकॉप्टर नको. शाळेच्या दवाखान्यामागची बंद खोली पुरते.

माझ्या गोष्टीत रेक्टरबाई खलनायिका आहेत. तुम्हाला राग येईल का?
– नववी, कोल्हापूर

मुळीच नाही. उलट कधीची वाट बघत होते. पण तिला काळा चष्मा, बांधलेला अंबाडा आणि रात्री दोनला बॅटरी घेऊन फेरी, असं देऊ नकोस. बॅटरी घेऊन आम्ही फिरतो ते कोण रडतंय आणि कुणाला ताप आहे ते बघायला. खरी रेक्टर घाबरते ती कागदांना. नवीन मूल आलं की जन्मदाखला, आधीच्या शाळेचा सोडल्याचा दाखला, आधार, स्थानिक पालकाची सही. सगळं जनरल रजिस्टरमध्ये चढवायचं, आणि तिथे खाडाखोड चालत नाही. तुझ्या रेक्टरबाईंसमोर एकाच आठवड्यात सहा मुलं येतात. सहाही जणांच्या सोडल्याच्या दाखल्यावरचं अक्षर एकाच कारकुनाचं. सहाही जणांची फी एकाच खात्यातून, वेळेवर, वर्षभराची आगाऊ. फी वेळेवर आली की संस्थाचालक खूश असतात. आईच्या नावाचा रकाना सहाही ठिकाणी कोरा. ती बाई पेन उघडते. मुख्याध्यापक दारातून म्हणतात, "अहो, राहू द्या तो रकाना, नंतर बघू." आणि ती राहू देते. झाली खलनायिका. पंधरा वर्षांनी चौकशी होईल तेव्हा ती शपथेवर सांगेल की माझं रजिस्टर एकदम चोख होतं.

गोष्ट स्पर्धेला पाठवायची आहे, पण बाबा विज्ञानाचे प्राध्यापक आहेत. नाव ओळखतील. टोपणनाव घेतलं तर चालतं का?
– बारावी, छत्रपती संभाजीनगर

चालतं, आणि त्याला थोर परंपरा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि पहिली आली. आपली आद्याक्षरं उलटी करून जयंत विष्णू नारळीकरांनी ती पाठवली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. तू संगणकावर लिहिणार, त्यामुळे अक्षराची चिंता नाही. बाबांना सापडशील ती शुद्धलेखनावरून. आणि पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर खरं नाव, पत्ता लिहायला विसरू नकोस, नाहीतर बक्षिसाची रक्कम जगतापांच्या नावाने निघेल आणि बँक ती वटवणार नाही.